दोष हवेचा, शिक्षा थर्मोस्टॅटला

ट्रॅक्टर किंवा मालवाहू गाडी तापू लागली की आपल्याकडे पहिला संशय पाण्यावर घेतला जातो आणि दुसरा थर्मोस्टॅटवर. पाणी कमी असेल तर ते ओतले जाते. पाणी गळ्यापर्यंत असूनही गाडी तापत असेल तर थर्मोस्टॅट काढून टाकला जातो. तिसरा एक आरोपी मात्र या चौकशीत बहुधा सुटून जातो. तो म्हणजे हवा. रेडिएटरमधील जुने पाणी काढून नवे भरताना जी हवा इंजिनाच्या पोटात अडकून राहते, ती बाहेरून दिसत नाही, तिचा आवाज होत नाही आणि पहिले एकदोन दिवस तिचा उपद्रवही जाणवत नाही. पुढे हेड गॅस्केट जळते, क्वचित हेडलाच तडा जातो, आणि ऐन नांगरटीच्या दिवसांत यंत्र मिस्त्रीच्या दारात उभे राहते. पाणी बदलणे हे काम मुळात सोपे आहे. परंतु त्यातील हवा काढण्याचा अर्धा भाग आपण वगळत आलो आहोत, आणि गावपातळीवरील कर्मचाऱ्यांनी शेतकरी बंधूंना शिकवावयाचा तो हाच भाग होय, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

शिरवळ हे नीरेकाठचे गाव पुणे–बंगळूर महामार्गावर सातारा जिल्ह्याच्या तोंडाशी वसले आहे. येथून दक्षिणेस निघालेली गाडी खंडाळा ओलांडून खंबाटकीच्या घाटाला लागते. या घाटात रस्त्याच्या कडेस बॉनेट उघडून वाफा सोडीत उभ्या राहिलेल्या गाड्या आजवर कोणी पाहिल्या नाहीत असा माणूस या भागात विरळा. सपाटीवर निमूट चाललेली गाडी घाटातच का तापते? चढावर इंजिनास पूर्ण जोर लावावा लागतो, म्हणून उष्णता अधिक निर्माण होते. वेग कमी असल्यामुळे रेडिएटरमधून जाणारा वारा मात्र घटतो. शीतन व्यवस्थेत जे काही न्यून असेल ते अशा वेळी उघडे पडते. आता हाच विचार ट्रॅक्टरला लावून पाहावा. काळ्या जमिनीत खोल नांगरट करणारा ट्रॅक्टर तासाला चारपाच किलोमीटरच्या गतीने, संपूर्ण भार ओढीत, केवळ स्वतःच्या पंख्याच्या वाऱ्यावर तासन्‌तास चालत असतो. म्हणजे नांगराला जुंपलेला ट्रॅक्टर सपाट रानातही दिवसभर घाटच चढत असतो. गाडीला घाट अर्ध्या तासात संपतो. ट्रॅक्टरला तो सूर्य मावळेपर्यंत संपत नाही. रस्त्यावर तापलेली गाडी शंभर जण पाहतात. रानात तापलेला ट्रॅक्टर फक्त त्याचा मालक पाहतो, आणि खर्चही तोच सोसतो.

हवेचा हा प्रश्न आमच्या शेतकऱ्यास नवा आहे असे मुळीच नाही. सातारा-सांगलीचा शेतकरी यंत्राशी तीन पिढ्यांपासून परिचित आहे. औंध संस्थानात १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. तेथे लोखंडी नांगरापाठोपाठ १९२६ च्या सुमारास पाणी उपसण्याचे सेंट्रिफ्यूगल पंप तयार होऊ लागले. सातारा रोड येथील कूपर कारखान्याने नांगर आणि तेलइंजिने बनविली. विहिरीवर पंप बसविलेल्या प्रत्येकास ठाऊक असते की, फूट व्हॉल्व्ह गळून पंपातील पाणी उतरले म्हणजे पंप नुसता फिरतो. पाणी चढत नाही. मग त्यात वरून पाणी ओतावयाचे, हवेची चावी उघडी ठेवावयाची, आणि चावीतून बुडबुडे बंद होऊन सलग धार येऊ लागली की ती बंद करून मोटार चालू करावयाची. हे शास्त्र त्याला कोणा अधिकाऱ्याने सांगावे लागत नाही. उपसा सिंचनाची पाईपलाईन उंचवट्यावरून जाते तेथे एअर व्हॉल्व्ह का बसवितात, हेही तो जाणतो. ट्रॅक्टरमधील डिझेल संपून पाइपात हवा शिरली तर स्क्रू सैल करून, हातपंप दाबून, फेस जाईपर्यंत डिझेल सोडावे लागते, हे तर ट्रॅक्टरवरचा कोवळा पोरही करून दाखवितो.

मग इंजिनाच्या पाण्यातील हवेविषयीच एवढी अनास्था का? आमच्या मते कारण उघड आहे. विहिरीवरच्या पंपात हवा राहिली तर पाणी येत नाही. डिझेलमध्ये हवा राहिली तर इंजिन सुरू होत नाही. काम जागच्या जागी अडते, म्हणून माणूस हवा काढतो. इंजिनाच्या पाण्यात हवा राहिली तरी इंजिन सुरू होते, ट्रॅक्टर रानात जातो, काटाही पुष्कळदा ठीक दिसतो. शिक्षा ताबडतोब होत नाही. ती चारआठ दिवसांनी होते, आणि तोवर पाणी बदलल्याची गोष्ट विसरलेली असते.

वास्तविक इंजिनाच्या तोंडाशी पट्ट्यावर फिरणारा वॉटर पंप हा विहिरीवरच्या पंपाचाच धाकटा भाऊ आहे. त्याच्याही आत पाती असलेले चाक फिरते आणि ते पाणी बाहेरच्या अंगास फेकते. पाणी जड म्हणून फेकले जाते; हवा हलकी, ती पात्यांभोवती नुसती घुसळत राहते. पंपाजवळ हवेचा मोठा फुगा येऊन बसला की पंप फिरतो, पट्टा फिरतो, पंखा फिरतो, आणि पाणी मात्र जागचे हलत नाही.

हवा अडकते कोठे, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे. रेडिएटरच्या तोंडातून ओतलेले पाणी खालच्या पाइपाने पंपात, तेथून इंजिनाच्या ठोकळ्यात आणि मग वर हेडमध्ये चढते. हेडमधून ते वरच्या पाइपाने पुन्हा रेडिएटरकडे यावयाचे. परंतु त्या वाटेवर थर्मोस्टॅट नावाची झडप असते. तिच्यातील मेण उष्णतेने फुगते आणि झडप उघडते. ती बहुधा ७५ ते ९० अंशांच्या दरम्यान उघडू लागते. नेमका अंक तिच्यावर कोरलेला असतो. थंड इंजिनात ती मिटलेली असते. म्हणजे आपण खालून पाणी चढवीत आहोत आणि वर झाकण बंद आहे, अशी ही स्थिती. पाण्यापुढे ढकलली गेलेली हवा हेडच्या वरच्या भागात, मिटलेल्या झडपेखाली कोंडली जाते. पुष्कळ थर्मोस्टॅटांना यासाठीच एक बारीक भोक ठेवलेले असते व त्यात हलणारी लहानशी पिन असते. हवा त्यातून हळूहळू निसटावी असा हेतू. परंतु ते भोक वरच्या बाजूस येईल असे बसविले तरच उपयोग. खाली आले तर ते असून नसल्यासारखे. आणि बादलीभर पाणी एकदम ओतणाऱ्याच्या घाईपुढे त्या सुईएवढ्या भोकाचा काय पाड लागणार? रेडिएटर गळ्यापर्यंत भरलेला दिसतो, झाकण लागते, आणि दोनतीन लिटर हवा आत राहून जाते.

या हवेने काय बिघडते? इंजिनात जळणाऱ्या डिझेलच्या उष्णतेपैकी सुमारे एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश भाग पाण्यामार्फत बाहेर न्यावा लागतो. एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढ्याच उष्णतेत तीन हजार लिटरांहून अधिक हवा एक अंशाने तापते. यावरून हवेची उष्णता वाहून नेण्याची योग्यता किती अल्प आहे, हे ध्यानी येईल. हेडमध्ये, विशेषतः एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास, जेथे उष्णता सर्वांत तीव्र तेथेच हवेचा फुगा बसला, तर तेवढा भाग कोरडा तापतो. कडेचे पाणी त्यास लागून वाफ होते, वाफेने फुगा आणखी वाढतो. बाकीचे हेड साधारण तापलेले आणि तेवढा भाग अतितप्त, अशा ओढाताणीत अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकते आणि बिडाच्या हेडला तडा जातो. गॅस्केट तर त्या आधीच जाते.

यातील सर्वांत फसवी गोष्ट तापमानाच्या काट्याची. काटा सांगतो ते तापमान त्याच्या टोकाशी असलेल्या पाण्याचे असते. ते टोक पाण्यात बुडालेले असेल तोवर तो खरे बोलतो. हवेच्या फुग्यात सापडले तर तो कमी सांगतो, किंवा एकदम वर चढून पुन्हा खाली येतो. चालक समजतो काटा बिघडला. म्हणून, पाणी बदलल्यानंतरच्या दोनतीन दिवसांत काटा अकारण वरखाली होऊ लागला, पाणी खळखळल्याचा आवाज येऊ लागला, किंवा हीटर असलेल्या जीप-पिकअपमध्ये इंजिन तापूनही हीटरमधून गारच वारा येऊ लागला, तर काट्यास दोष न देता इंजिन थांबवावे आणि आत हवा आहे असे प्रथम गृहीत धरावे.

आता थर्मोस्टॅटच्या खटल्याकडे वळू. आमच्या पाहण्यातील एका ट्रॅक्टरची हकीकत येथे नमुन्यादाखल पुरे. रब्बीच्या तोंडावर त्याचे पाणी बदलले गेले आणि तिसऱ्या दिवशी नांगरटीत ते उकळले. रेडिएटर भरलेला होता, पट्टा ताठ होता, गळती नव्हती. मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढला, पाणी भरले, आणि तापणे थांबले. मालकाचे समाधान झाले आणि थर्मोस्टॅटवरील आरोप शाबीत झाला! पुढे तो काढलेला थर्मोस्टॅट एका पातेल्यात दोऱ्याने टांगून पाणी तापविले, तेव्हा तो कोरलेल्या अंकाच्या जवळपास बिनतक्रार उघडला आणि पाणी निवल्यावर मिटला. मग थर्मोस्टॅट काढताच ट्रॅक्टर तापावयाचा का थांबला? कारण झडप गेली तेव्हा कोंडलेल्या हवेची वाट मोकळी झाली. पुन्हा पाणी भरताना ती आपोआप वर निघून गेली. रोग हवेचा होता. औषधाने हवाच गेली. पण नाव झाले झडपेचे. आपल्याकडे “उष्ण हवेत थर्मोस्टॅट नकोच, तो विलायतेच्या थंडीसाठी असतो” असा जो समज पसरला आहे, त्याच्या मुळाशी असे फसवे अनुभव असावेत, अशी आमची समजूत आहे.

मिस्त्री लोकांच्या हातगुणाविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु या एका बाबतीत त्यांच्याशी आमचा मतभेद आहे आणि तो आम्ही लपवू इच्छित नाही. थर्मोस्टॅट काढलेले इंजिन लवकर गरम होत नाही. थंड सिलिंडरमध्ये डिझेल पूर्ण जळत नाही. धूर होतो, डिझेल अधिक लागते, आणि न जळलेला अंश तेलात उतरून तेल पातळ व घाण होते. सिलिंडरची व रिंगांची झीज थंड इंजिनात अधिक होते. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना एक आडवाट बंद करीत असतो. अशा इंजिनातून तो काढला तर पाणी रेडिएटरला वळसा घालून आतल्या आतच फिरत राहते आणि भार पडताच इंजिन उलट अधिक तापते. थर्मोस्टॅट कधीच बिघडत नाही, असे आमचे म्हणणे नाही. तो मिटलेला अडकतो, उघडाही अडकतो. परंतु त्याची परीक्षा पातेल्यात दहा मिनिटांत होते. नापास झाला तर त्याच अंकाचा नवा बसवावा. चौकशीवाचून हद्दपारी मात्र करू नये.

पाणी कसे भरावे, याची रीत येथे जरा विस्ताराने देतो. इंजिन पूर्ण निवलेले असावे. खालची चावी उघडून जुने पाणी काढावे. इंजिनाच्या ठोकळ्यालाही स्वतंत्र चावी असेल तर तीही उघडावी. येथे एक गोष्ट कटाक्षाने करावी, आणि हीच गोष्ट सर्वत्र वगळली जाते: निघालेले पाणी जमिनीवर न सोडता बादलीत धरावे आणि मापाने मोजावे. नऊ लिटर निघाले असेल तर नऊ लिटर बसले पाहिजे. सात लिटरांतच रेडिएटर काठोकाठ भरला तर उरलेली दोन लिटर जागा कोणी व्यापली आहे? तेथे हवेवाचून दुसरे कोण असणार? (काढण्यापूर्वीच पाणी कमी झालेले असेल तर अर्थात निघाले त्याहून अधिक बसेल, इंजिनाच्या पुस्तिकेत पूर्ण माप दिलेले असते, तेही पाहावे.) या एका मोजणीसाठी कोणतेही हत्यार लागत नाही, दूध मोजण्याचे जुने माप पुरते, मात्र ते पुन्हा दुधासाठी वापरू नये.

चाव्या बंद केल्यावर ट्रॅक्टर किंवा गाडी अशी उभी करावी की पुढची चाके चढावर राहतील व रेडिएटरचे तोंड सर्व व्यवस्थेत उंच येईल. आपल्या रानात बांधाचा किंवा वाटेचा उतार कोठेही सापडतो. गियर न्यूट्रलमध्ये, ब्रेक ओढलेला आणि मागच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावलेले असावेत. हवा वर चढते. तिला वरचे दार रेडिएटरच्या तोंडाशीच मिळावे, एवढाच या चढाचा हेतू. हीटर असेल तर त्याचा खटका पूर्ण गरमवर ठेवावा, म्हणजे त्याच्या नळ्यांतही पाणी फिरेल. काही इंजिनांवर थर्मोस्टॅटच्या घराजवळ हवा काढण्याचा लहान स्क्रू असतो. तो सैल करून ठेवावा. मग बारीक धारेने पाणी सोडावे. लिटरभर ओतावे, थांबावे, वरचा रबरी पाइप हाताने दोनचार वेळा दाबून सोडावा. बुडबुडे गळ्याशी येऊन फुटतात आणि पातळी उतरते. पुन्हा ओतावे. स्क्रूतून बुडबुड्यांऐवजी सलग धार आली की तो आवळावा. जेथे स्क्रू नाही तेथे थर्मोस्टॅटच्या घराशी वरच्या पाइपाची पट्टी किंचित सैल करून हाच कार्यभाग साधता येतो. दहा लिटर पाण्यास या रीतीने पाव तास लागतो. बादली उपडी केली तर अर्धे मिनिट लागते. परंतु त्या वाचलेल्या वेळाची किंमत पुढे नांगरटीच्या दिवसांत मोजावी लागते.

काम येथे संपत नाही. झाकण न लावता इंजिन चालू करून मंद गतीवर ठेवावे. लुगडे, धोतर, उपरणे किंवा सैल बाह्या पंख्याच्या आसपास नसाव्यात, आणि तोंड रेडिएटरच्या गळ्यावर नेऊन आत डोकावू नये. पाणी अधूनमधून उसळते. पंधरावीस मिनिटांनी, कधी त्याहून उशिरा, वरचा पाइप एकाएकी गरम लागू लागतो. थर्मोस्टॅट उघडला. याच क्षणी कोंडलेली हवा रेडिएटरकडे सुटते, बुडबुडे येतात आणि पातळी उतरते. तेवढे पाणी पुन्हा भरावे. गती थोडी वाढवून पुन्हा पाहावे. बुडबुडे थांबले व पातळी स्थिर झाली की झाकण घट्ट बसवावे आणि बाजूच्या बाटलीत वरच्या खुणेपर्यंत पाणी भरावे. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, झाकण उघडून पातळी पाहावी. ती बहुधा थोडी उतरलेली आढळेल. पुढील दोनतीन दिवस हीच तपासणी करावी. ज्या गाड्यांना रेडिएटरवर तोंडच नाही आणि दाबाची टाकी बाजूस आहे, त्यांत पाणी त्या टाकीतूनच भरावयाचे असते. अशा काही नव्या गाड्यांसाठी कार्यशाळांत आतील हवा आधी शोषून घेऊन मग पाणी खेचून घेणारे साधन असते. ती कामे तेथेच करवून घ्यावीत.

बाटलीविषयी दोन शब्द. झाकणात दोन झडपा असतात. तापलेले पाणी फुगले की एक झडप ते बाटलीत सोडते, आणि इंजिन निवले की दुसरी ते परत आत ओढून घेते. बाटली रिकामी असेल, किंवा तिची नळी फाटलेली असेल, तर रोज रात्री इंजिन पाण्याऐवजी हवा ओढते. म्हणजे पाणी कितीही काळजीने भरले तरी आठवड्यात हवा पुन्हा आत. झाकणाचे रबर कडक झाले असेल तर ते झाकण बदलावे. या झाकणाच्या दाबामुळेच पाणी शंभर अंशांवर उकळत नाही. सुमारे एक वातावरणाचा जादा दाब असेल तर उत्कलनबिंदू १२० अंशांपर्यंत चढतो. महाबळेश्वरी, सुमारे १,३५० मीटर उंचीवर, उघड्या भांड्यातील पाणी ९५-९६ अंशांवरच उकळते. घाटमाथ्यावर सैल झाकणाने गाडी नेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

एक इशारा मात्र येथे देणे आवश्यक आहे. सर्व रीत पाळूनही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुडबुडे येतच राहिले, इंजिनाची गती वाढविताच ते वाढले, किंवा पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, तर ती भरताना कोंडलेली हवा नव्हे. गॅस्केट किंवा हेड आधीच गेलेले असून सिलिंडरमधील धूर पाण्यात शिरत आहे. अशा वेळी हवा काढीत बसण्यात अर्थ नाही. ट्रॅक्टर मिस्त्रीकडेच न्यावा.

पाणी कोणते भरावे? आपल्या विहिरींचे पाणी बहुतेक ठिकाणी जड आहे. ज्या पाण्याने चुलीवरच्या भांड्यात पांढरा थर धरतो, तोच थर ते इंजिनाच्या आत धरते, आणि तेथे घासणी पोहोचत नाही. नदीकाठच्या ज्या जमिनी अतिपाण्याने खारवल्या आहेत, तेथील विहिरीचे पाणी तर रेडिएटरला मुळीच वापरू नये. बॅटरीसाठी मिळते तसले शुद्ध पाणी आणि पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे कूलंट, डब्यावर दिलेल्या प्रमाणात, हेच योग्य. “आपल्याकडे बर्फ कोठे पडतो, कूलंट हवे कशाला?” हा प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दवबिंदू गोठतात, तेवढे सोडल्यास बर्फाचे भय येथे नाही, हे खरे. परंतु कूलंट गंज रोखते व उत्कलनबिंदू वाढविते, आणि आपल्या उपयोगाचे गुण हे दोन आहेत. मात्र नुसतेच कूलंट भरणे हाही शहाणपणा नव्हे. उष्णता वाहण्यास पाणीच अधिक समर्थ आहे. दोन निराळ्या जातींची कूलंटे एकत्र करू नयेत.

रस्त्यात किंवा रानात इंजिन तापलेच तर झाकणास हात लावू नये. दाबाखालचे १०० अंशांवरील पाणी झाकण सुटताच वाफ होऊन तोंडावर येते आणि आयुष्यभराची खूण करून जाते. भार काढावा, इंजिन बंद करावे, निदान तासभर थांबावे. मग जाड गोणपाट झाकणावर टाकून ते थोडेसे फिरवून दाब जाऊ द्यावा आणि नंतर उघडावे. लाल तापलेल्या इंजिनात विहिरीचे गार पाणी ओतणे म्हणजे तापल्या तव्यावर पाणी मारणे. हेडला तडा जाण्याचा तो हमखास मार्ग आहे. घाटात घाई होते, मागे रांग लागते, लोक ओरडतात. तरीही तासभर थांबावे.

काढलेल्या जुन्या कूलंटची गोष्ट तर आपल्याकडे कोणी मनावरच घेत नाही. त्यातील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि ते विषारी आहे. गोठ्याजवळ बादलीत ठेवलेले किंवा अंगणात सांडलेले हे पाणी कुत्रा चाटतो, वासरू तोंड लावते. आधी जनावर झिंगल्यासारखे चालते, पुढे किंचित सावरल्यासारखे वाटते आणि नंतर त्याचे मूत्रपिंड निकामी होते. शिरवळास क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हे या भागाचे भाग्य. परंतु उपचाराचा उपयोग पहिल्या काही तासांतच असतो. म्हणून जनावर सावरले असे समजून थांबू नये आणि काय प्यायले ते डॉक्टरांस स्पष्ट सांगावे. जुने कूलंट घट्ट झाकणाच्या डब्यात, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे व कार्यशाळेत जमा करावे. ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये.

शेवटी आमच्या खात्यातील सहकाऱ्यांस उद्देशून थोडेसे. २०१४-१५ साली सुरू झालेल्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून अनेक शेतकऱ्यांना यंत्रखरेदीस साहाय्य मिळाले. यंत्र घेण्याच्या अर्जाला आपण जेवढे दिवस देतो, त्याच्या एक-दशांश वेळही ते यंत्र थंड कसे ठेवावे हे दाखविण्यास देत नाही, असे आमचे निरीक्षण आहे. प्रात्यक्षिक म्हणजे नांगर, पेरणीयंत्र किंवा फवारा, असे आपण धरून चाललो आहोत. त्याऐवजी रब्बीच्या नांगरटीपूर्वी गावात एकदा पाणी बदलण्याचे प्रात्यक्षिक घ्यावे. त्यास एक ट्रॅक्टर, एक चढाची जागा, दोन बादल्या, एक मापाचे भांडे आणि दोन तास लागतात. सोबत एक थर्मोस्टॅट, पातेले, स्टोव्ह आणि तापमापक न्यावा. झडप डोळ्यांदेखत उघडताना पाहिलेला शेतकरी ती काढून फेकावयास सहजासहजी तयार होणार नाही. गावचा मिस्त्रीही आवर्जून बोलवावा आणि पाइप दाबण्याचे काम त्याच्याच हाती द्यावे. प्रात्यक्षिक झाल्यावर किती लिटर निघाले, किती बसले आणि तारीख कोणती, एवढे तीन आकडे ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत मालकाकडून लिहवून घ्यावेत. पुढच्या खेपेस पाणी कोणीही बदलले, तरी त्याच्यासमोर मोजून ठेवलेला आकडा असेल.